गल्लीचा वेग कोण ठरवतं?

गल्लीतून गाड्या सुसाट जायला लागल्या की रहिवाशांची पहिली मागणी ठरलेली असते: स्पीड ब्रेकर टाका. अर्ज-विनंत्यांनंतर डांबराचा एक उंचवटा पडतो. नाहीच पडला तर लोक स्वतःच विटा-सिमेंट आणून तो घालतात. मग रिक्षातून जाणाऱ्या आजोबांचा मणका हादरतो, मागे पोराला बसवून निघालेल्या आईची स्कूटर डगमगते आणि मोठ्या चाकांची गाडी मात्र आधीच्याच वेगानं धाडकन निघून जाते. ज्याला रोखायचं होतं तोच सुटतो. असं का होतं, हे समजून घ्यायला शाळेतलं पदार्थविज्ञान पुरतं.

आपल्याकडचे बरेच उंचवटे जेमतेम अर्धा मीटर रुंद असतात. ताशी 50 किलोमीटर वेगानं जाणारं चाक तेवढं अंतर सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्श्याहूनही कमी वेळात ओलांडतं. मोटारीच्या स्प्रिंगांना एकदा खालीवर व्हायला साधारण एक सेकंद लागतो. म्हणजे चाक उडून परत खाली येतं तरी वरच्या सांगाड्याला उचललं जायला वेळच मिळत नाही. दणका चाकं आणि स्प्रिंग पचवतात, आत बसलेल्याला फारसं काही जाणवत नाही. हळू जाणाऱ्याला मात्र उंचवटा पुरता उचलतो आणि पुरता आपटतो. अरुंद, टोकदार उंचवटा हळू चालवणाऱ्यालाच जास्त शिक्षा करतो, ती अशी.

या प्रश्नात आर्थर कॉम्प्टन यांनीही हात घातला होता. क्ष-किरणांवरच्या कामासाठी 1927 सालचं नोबेल मिळवणारे हेच ते कॉम्प्टन. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात 1953 साली त्यांनी आवारातल्या रस्त्यांसाठी उंचवटे आखले. पुढे 1973च्या सुमारास ब्रिटनच्या सरकारी रस्ता-संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स यांनी वेगवेगळ्या आकारांच्या उंचवट्यांवरून गाड्या चालवून पाहिल्या आणि उत्तर सापडलं: उंचवटा लांब हवा. प्रवासाच्या दिशेनं सुमारे 3.7 मीटर आणि मध्यभागी जेमतेम 10 सेंटिमीटर उंच. आपल्याकडे रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोलाकार गतिरोधकही हाच आहे, 3.7 मीटर आणि 10 सेंटिमीटर, ताशी 25 किलोमीटर वेगासाठी.

या दोन मापांतून त्या कमानीची त्रिज्या काढली तर ती सुमारे 17 मीटर येते. कमानीवरून जाताना गाडीला लागणारा त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. ताशी 25 किलोमीटरला तो गुरुत्वाकर्षणाच्या तीस टक्क्यांहून कमी भरतो, पोटात किंचित हलल्यासारखं होतं इतकंच. ताशी 40ला तो पाऊणपट होतो. आणि ताशी 46-47 किलोमीटरला, स्प्रिंगांचा हिशेब सोडला तर, गुरुत्वाकर्षणाइतका. म्हणजे गाडी रस्ता सोडू पाहते. इथे गाडीला वर जायला पुरेसा वेळ मिळतो, त्यामुळे स्प्रिंगांच्या आड लपता येत नाही. वेग वाढेल तशी शिक्षा वर्गानं वाढते आणि हळू जाणारा सुखरूप पार होतो. डांबर थोडं जास्त लागतं, पण खरं लागतं ते माप. ठेकेदाराकडे लाकडी फर्मा असला तर हे एका दुपारचं काम आहे, आणि तरीही आपल्याकडे ते अंदाजपंचे उरकलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वेग दुसऱ्याही ठिकाणी आडवा येतो. समजा, चेंडूमागे एक पोर रस्त्यावर धावलं. चालकाला ते दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला. ताशी 30 किलोमीटरची गाडी तेवढ्यात 8 मीटर पुढे जाते, कोरड्या रस्त्यावर आणखी 5 मीटरांत थांबते. एकूण 13 मीटर. ताशी 50ची गाडी त्याच एका सेकंदात जवळपास 14 मीटर गेलेली असते. पहिली गाडी जिथे उभी राहिली, तिथे दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाच नसतो. पोर 13 मीटरांवर असेल तर पहिली त्याच्यासमोर थांबते आणि दुसरी पूर्ण वेगानं धडकते.

पण गतिरोधक कितीही मापात असला तरी एक प्रश्न उरतोच. ही गाडी मुळात आपल्या गल्लीत आली कशाला? चालकाला ना इथे कुणाकडे जायचंय, ना इथून काही घ्यायचंय. पुढच्या चौकातला सिग्नल चुकवायचा आहे. पूर्वी असे मधले रस्ते फक्त स्थानिकांना ठाऊक असत. आता फोनवरचा नकाशा ते परक्यालाही दाखवतो. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या लिओनिया या छोट्या गावाला 2018 साली सुमारे 60 रस्ते गर्दीच्या वेळी बाहेरच्यांना बंद करावे लागले, ते याच कारणानं.

या येणाऱ्या-जाणाऱ्यांची किंमत नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी मोजली. 1969च्या सुमारास त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतले तीन रस्ते निवडले. घरं साधारण सारखी, फरक फक्त वाहनांचा: दिवसाला 2,000, 8,000 आणि 16,000. दारोदार जाऊन विचारलं की तुमचे या रस्त्यावर मित्र किती. शांत रस्त्यावर माणशी सरासरी तीन मित्र निघाले, गजबजलेल्या रस्त्यावर एकही पुरता नाही, 0.9. शांत रस्त्यावरचे लोक ‘आपलं घर’ म्हणताना नकाशावर अख्खा रस्ता रेखाटत. गजबजलेल्या रस्त्यावरचे आपल्या इमारतीपुरतेच उरले होते. संध्याकाळी पायरीवर बसून भाजी निवडणं, समोरच्या काकूंशी गप्पा, पोरांचं लगोरी खेळणं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको. ॲपलयार्ड यांचा मृत्यू 1982 साली अथेन्समध्ये भरधाव मोटारीच्या धडकेत झाला.

यावरचं सर्वांत धीट उत्तर मला नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहराचं वाटतं. 1977च्या सप्टेंबरमध्ये तिथे शहराच्या मध्यभागाचे भाकरीच्या चतकोरांसारखे चार भाग केले गेले. मोटारीनं कुठल्याही चतकोरात जाता येतं, दुकानापाशी थांबता येतं, पण एका चतकोरातून शेजारच्या चतकोरात थेट जाता येत नाही. बाहेर येऊन वर्तुळाकार रस्त्यानं वळसा घालावा लागतो. पायी किंवा सायकलवर असाल तर सरळ जा. दुकानदारांनी कडाडून विरोध केला होता. बदल एका रात्रीत केला गेला. कुठलंही घर गाडीला तुटलं नाही. तुटला तो फक्त शॉर्टकट. आज तिथल्या निम्म्याहून जास्त फेऱ्या सायकलवर होतात.

‘मग सगळी गर्दी मोठ्या रस्त्यावर जाईल’ हा आक्षेप खोटा नाही. थोडी जातेच. पण पाण्याचा लोट अडवला की सगळं पाणी शेजारच्या पाटात शिरतं, तसं वाहतुकीचं होत नाही. वाहतूक म्हणजे माणसांचे निर्णय. कुणी वेळ बदलतो, कुणी दोन कामं एका फेरीत उरकतो, कुणी पोराला शाळेत चालत सोडतो. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाच्या गाडीसाठी कुलूप उघडून आडवा करता येणारा खांब बसवतात.

आपल्या गल्लीत हे लागू पडतं का, ते पाहायला यंत्र लागत नाही. संध्याकाळी सहा ते सात, गल्लीच्या दोन्ही तोंडांशी एकेकानं वही घेऊन बसायचं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीचे शेवटचे चार आकडे आणि वेळ टिपायची. मग दोन्ही वह्या शेजारी ठेवायच्या. जी गाडी एका टोकानं शिरून दोन मिनिटांत दुसऱ्या टोकानं बाहेर पडली, तिचं गल्लीत काही काम नव्हतं. अशा गाड्या मोजक्याच निघाल्या तर मापातला गतिरोधक मागा. निम्म्याहून जास्त निघाल्या, तर दोन्ही वह्या घेऊन वॉर्ड ऑफिसात जा आणि गल्लीच्या मधोमध तीन महिन्यांपुरत्या मोठ्या कुंड्या आडव्या ठेवायची परवानगी मागा. मधून माणूस आणि सायकल जाईल, इतकी फट ठेवून.