कूटबद्ध संगणक आणि दूरसाहाय्य : सुरक्षा पातळीची निवड

संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट म्हणजे कूटबद्ध केलेल्या संगणकाच्या दुरुस्तीसाठी दुसऱ्या गावच्या तंत्रज्ञाला इंटरनेटवरून किती प्रवेश द्यायचा, हे ठरवण्याची पद्धत. विंडोजवरील बिटलॉकर, मॅकवरील फाइलव्हॉल्ट आणि लिनक्सवरील लक्स या तिन्ही व्यवस्थांत हा प्रश्न येतो.

डिस्क एन्क्रिप्शन राखते ते बंद संगणकाला. लॅपटॉप चोरीला गेला किंवा डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, तरी मजकूर वाचता येत नाही. संगणक सुरू होऊन डिस्क उघडली, की मात्र मजकूर उलगडणारी किल्ली मेमरीत असते आणि वापरकर्त्याला दिसणाऱ्या फायली दूरवरून जोडलेल्या तंत्रज्ञालाही दिसू शकतात. ‘डिस्क एन्क्रिप्टेड आहे, मग कोणाला स्क्रीन दाखवली तर काय बिघडते?’ हा समज म्हणूनच घातक आहे. पातळी संगणक सुरू होताना, सत्र चालू असताना आणि काम संपल्यावर, अशी वेगवेगळी ठरवावी लागते.

सर्वाधिक अडचण पहिल्या टप्प्यात येते. बिटलॉकर नुसत्या टीपीएम चिपवर (किल्ली जपणारी, संगणकातच बसवलेली चिप) चालत असेल, तर संगणक काही न विचारता लॉगिनपर्यंत पोहोचतो. दूरच्या तंत्रज्ञाला हे सोयीचे, पण संरक्षण कमी. टीपीएमसोबत पिन ठेवला तर संरक्षण वाढते. मात्र रीस्टार्ट होताच यंत्र पिनसाठी थांबते, विंडोज सुरूच झालेले नसते आणि तंत्रज्ञाची जोडणी तुटते. तेव्हा पिन टाकायला यंत्रासमोर माणूस हवा. ‘सस्पेंड’, म्हणजे बिटलॉकरचे संरक्षण काही काळ थांबवणे, हा तात्पुरता मार्ग आहे. त्यात डिस्कवरचा मजकूर एन्क्रिप्टेडच राहतो, पण तो उघडणारी किल्ली डिस्कवर उघडी लिहिली जाते. किती रीस्टार्टनंतर संरक्षण आपोआप परतावे, हा आकडा आज्ञेत देता येतो. तेथे १ लिहिणे योग्य. ० लिहिल्यास कोणी हाताने चालू करेपर्यंत संरक्षण बंदच राहते. मॅकवर ‘एफडीईसेटअप ऑथरीस्टार्ट’ ही आज्ञा एका रीस्टार्टपुरती अशीच सोय देते. लिनक्सवर ड्रॉपबेअर हा छोटा एसएसएच सर्व्हर (दुरून सुरक्षित जोडणी देणारा प्रोग्राम) संगणक सुरू होण्याच्या अगदी आरंभीच चालवून दुरून सांकेतिक वाक्य टाकता येते. मात्र सर्व्हरची स्वतःची ओळख पटवणारी किल्ली बहुधा डिस्कच्या एन्क्रिप्ट न केलेल्या भागात असते. यंत्राला हात लावू शकणारा ती चोरून बनावट सर्व्हर उभा करू शकतो.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले, तेव्हा दूरसाहाय्याची मर्यादा ठळक दिसली. यंत्रेच सुरू होत नसल्याने दूरसाहाय्याची साधने चालेनात. सेफ मोडमध्ये (विंडोजची मोजक्या भागांसह सुरुवात) जाऊन सदोष फाइल काढायची, तर अनेक ठिकाणी बिटलॉकरची रिकव्हरी की, म्हणजे डिस्क उघडण्याची राखीव किल्ली, लागली. ही की ४८ अंकांची, सहा-सहा अंकांच्या आठ गटांत असते आणि प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो. त्यामुळे फोनवरून सांगताना एखादा अंक चुकला, तर तो गट तिथल्या तिथे नाकारला जातो. कीची नोंद कोठे आहे हे आधीच माहीत असणे मात्र अत्यावश्यक आहे. ज्या सर्व्हरवर ती ठेवली, तोच बंद पडला तर सगळी यंत्रे अडकतात.

सत्रात ‘फक्त पाहणे’ ही सर्वांत खालची आणि बहुतेक वेळा पुरेशी पातळी. माउस-कीबोर्डचा ताबा त्यापुढचा, प्रशासकीय अधिकार त्याहून पुढचा. विंडोज परवानगी विचारताना पडदा मंद करते, तेव्हा क्विक असिस्ट या विंडोजच्या दूरसाहाय्य साधनातील साहाय्यकाला ती चौकट दिसत नाही. ‘होय’ म्हणणे यंत्राच्या मालकाच्याच हाती राहते. अडचण होते म्हणून ही सोय सरसकट बंद करणे हा आळस आहे.

येथे एन्क्रिप्शनपेक्षा माणसाची ओळख पटणे महत्त्वाचे ठरते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये एनीडेस्क हे दूरवरून ताबा देणारे ॲप उतरवून घ्यायला लावून यूपीआयमधून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केले होते. क्विक असिस्टचा असाच गैरवापर करून खंडणीचे सॉफ्टवेअर घुसवल्याचे मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये नोंदवले. आपणहून फोन करून ‘तुमच्या संगणकात बिघाड आहे’ असे सांगणाऱ्याला कोणतीही पातळी देऊ नये. पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० वर कळवावे.

काम संपल्यावर सांगितलेली रिकव्हरी की रद्द करून नवी तयार करावी. लक्समध्ये तंत्रज्ञासाठी वेगळा स्लॉट (स्वतंत्र सांकेतिक वाक्याची जागा) देता येतो. पहिल्या आवृत्तीत असे ८, दुसरीत ३२ स्लॉट आहेत. पण स्लॉट पुसल्याने डिस्कची मूळ किल्ली बदलत नाही. कोणी आधीच डिस्कच्या शीर्षभागाची, म्हणजे हे स्लॉट जेथे असतात त्या भागाची, प्रत घेतली असेल, तर जुने वाक्य त्या प्रतीवर चालतेच. अशी शंका असल्यास संपूर्ण डिस्क नव्या किल्लीने पुन्हा एन्क्रिप्ट करावी लागते.