सोफा दोन फूट पुढे ओढा, मग माइक लावा

इंदूरच्या रामबागेतला किंवा लोकमान्यनगरातला हॉल साधारण १२ बाय १५ फुटांचा. खाली गुळगुळीत टाइल्स, मागच्या भिंतीला चिकटलेला सोफा. अशा हॉलमध्ये चांगला ५.१ संचही (पाच स्पीकर आणि खालच्या सुरांसाठी एक सबवूफर) घुमतो आणि संवाद नीट कळत नाहीत.

आधी वायरी पाहा. रिसीव्हर (सगळे स्पीकर ज्याला जोडतात तो अँप्लिफायरचा डबा) बंद करून स्पीकरची वायर तिथून सोडवा आणि तिच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, धन टोक लाल वायरीला. वूफरचा, म्हणजे स्पीकरमधल्या मोठ्या गोलाचा, शंकूसारखा पडदा बाहेर सरकला पाहिजे. डावा बाहेर आणि उजवा आत गेला, तर एकीकडची वायर उलटी आहे. मग दोघांचा बेस (खालचे सूर) एकमेकांना खाऊन टाकतो.

आता खोली. १५ फूट म्हणजे ४.५७ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला आणि त्याला लांबीच्या दुपटीने भागलं, की ३७.५ हर्ट्झ येतात. हा सूर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून उभा राहतो: भिंतीजवळ फुगतो, हॉलच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून सोफा भिंतीलाही नको आणि मध्यावरही नको. निदान दोन-तीन फूट पुढे घ्या. नाहीशा झालेल्या सुरासाठी इक्वलायझरवर (सूर कमी-जास्त करायच्या सोयीवर) तो वाढवून काही हाती लागत नाही. थेट लाट वाढते तशी तिला मारणारी परावर्तित लाटही वाढते, आणि अँप्लिफायर उगाच राबतो.

मग रिसीव्हरचा माइक. त्याने मोजलेल्या आवाजावरून रिसीव्हर स्पीकरची अंतरं आणि पातळी आपोआप ठरवतो. तो सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका, ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला लावा. पंखा, कूलर बंद. बसायच्या जागेभोवती सहा ते आठ ठिकाणी मोजणी घ्या.

मोजणीचा निकाल डोळे झाकून स्वीकारू नका. छोटे स्पीकर बऱ्याचदा 'लार्ज', म्हणजे खालचे सूरही पेलणारे, धरले जातात. ते 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झवर ठेवा. सबवूफरचं अंतर टेपने मोजलेल्यापेक्षा जास्त दिसलं तर मात्र ते बदलू नका, कारण त्यात त्याच्या सर्किटमधला विलंब धरलेला असतो. टेस्ट टोनला प्रत्येक स्पीकर सोफ्यावर ७५ डेसिबल भरावा, आवाज मोजायचं मीटर त्यावरच्या 'सी' आणि 'स्लो' या सेटिंगवर. मोबाइलच्या ॲपचा आकडा चुकू शकतो, पण स्पीकर-स्पीकरमधला फरक त्यावर बऱ्यापैकी कळतो.

संवाद अजूनही पुसट वाटले, तर सोफ्यावर बसून कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात समोरचा स्पीकर दिसला, की तिथे जाड पडदा लावा. समोरच्या टाइल्सवर सतरंजी अंथरा.