पार्श्वभूमी: ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द आणि ‘घरासारखी’ काळजी

पूर्वी उतारवयातल्या स्मृतिभ्रंशाला, म्हणजे डिमेन्शियाला, ‘म्हातारचळ’ म्हणत. आजार कोणी मानत नसे. वडोदऱ्यात दांडिया बाजार या मराठी वस्तीतल्या वाड्यांतून आजी एकटी बाहेर पडली, तर ओळखीचं कोणीतरी तिला हात धरून परत आणी. 1906 साली जर्मनीत पन्नाशीतल्या एका रुग्णाच्या मेंदूतले बदल मांडले गेले. तरीही हा आजार, म्हणजे अल्झायमर, 1970च्या दशकापर्यंत मध्यमवयातला आणि दुर्मीळ समजला जाई.

खरा गुंता ‘स्मृतिभ्रंश’ या शब्दाचा आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो क्रोध आणि संमोहाच्या मागून येतो. वार्धक्याशी त्याचा संबंध नाही. आजाराला हेच नाव मिळालं आणि सगळ्यांचं लक्ष आठवणींवर खिळलं. पण आजाराच्या एका प्रकारात आधी स्वभाव बदलतो, दुसऱ्यात नसलेली माणसं दिसतात. सुरुवातीला विसरणं फारसं नसतं, म्हणून निदान लांबतं. काळजीही परीक्षेसारखी होते: “ओळखलंस का मला?” त्यापेक्षा “आई, मी तुझी धाकटी, पान वाढलंय” हे केव्हाही बरं. जपानने 2004 मध्ये या आजाराचा जुना अवमानकारक शब्द सरकारी पातळीवर बदलला. आपल्याकडे ‘म्हातारचळ’ नुसता थट्टेत उरला.

‘घरासारख्या’ काळजीसाठी स्वीडनमध्ये 1980च्या दशकात अशा रुग्णांची छोटी सामूहिक घरं आली. जपानी घरांत एका गटात 5 ते 9 जण राहतात. अमेरिकेत 2003 मध्ये अशी घरं उघडली, नेदरलँड्समध्ये 2009 मध्ये अख्खं गाव वसलं. स्वयंपाकघर सामायिक, सेवक नेहमीचे. यातलं दुसरं जास्त मोलाचं.

इथे घोडं अडतं ते तिथेच. ब्युरोची, म्हणजे घरी सेविका पुरवणाऱ्या संस्थेची, बाई बारा तासांची, कधीही बदलणारी. त्यात भाषेची अडचण. घरी मराठी आणि आयुष्यभर बाजारात गुजराती बोललेल्या आजींची नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी निसटते. ‘मोरीत जायचंय’ हे गुजराती बाईला कळत नाही, अंथरूण ओलं होतं आणि गरज नसताना डायपर लागतो. रोजचे दहा-बारा मराठी शब्द गुजराती लिपीत लिहून स्वयंपाकघरात चिकटवले, तर हे पुष्कळदा टळतं.

तिन्हीसांजेला “मला घरी जायचंय” सुरू झालं की वाद घालू नये. दिवे आधीच लावावेत. भूक, लघवी, दुखणं तपासावं, मेथी निवडायला द्यावी. गोंधळ एक-दोन दिवसांत एकदम वाढला, तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ किंवा नवं औषध कारण असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

2007च्या कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली, कमाल मर्यादा दरमहा 10,000 रुपये. चोवीस तास माणूस ठेवायला ते पुरत नाहीत, आणि तेच माणूस टिकावं याबद्दल कायद्यात अक्षर नाही.