ग्लेझरांनी खिशात हात घातला?

‘मालक कंजूस कसले? 2016 मध्ये पोग्बा या एकट्या खेळाडूसाठी 8 कोटी 90 लाख पौंड मोजले की!’ मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या चाहत्यांच्या वादात हे हमखास ऐकू येतं. मोजले खरे, पण क्लबने. तिकिटं, टीव्हीचे हक्क आणि प्रायोजकांकडून आलेल्या स्वतःच्या कमाईच्या जोरावर. ग्लेझर कुटुंबाने 2005 मध्ये सुमारे 79 कोटी पौंडांना क्लब घेतला, तोही बराचसा कर्ज काढून, आणि त्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच बोकांडी बसवला. व्याज क्लबच भरतो. वर मालकांनी वर्षानुवर्षं उचललेला लाभांश वेगळाच! मालकाच्या खिशातून क्लबच्या तिजोरीत मोठी रक्कम आली ती थेट 2024 मध्ये, नवे भागीदार जिम रॅटक्लिफ यांची: 30 कोटी डॉलर. तीही खेळाडूंसाठी नव्हे, मैदान-सुविधांसाठी म्हणून.