गाळातला राखणदार मासा

तापीत जाळं टाकणाऱ्यांना खरपा चांगला ओळखीचा. चपटं डोकं, वर आलेले डोळे आणि तळाला पडून राहायची सवय. हाती लागला तर उलटा करून जरूर पाहा: पोटाखालचे दोन्ही पर जुळून त्यांचा एकच पेला झालेला दिसेल. ही गोबी माशांची खूण. जगात त्यांच्या १७०० हून जास्त जाती आहेत आणि बहुतेक समुद्राच्या आश्रयाने राहतात. खरप्याचा असाच एक खाऱ्या पाण्यातला भाऊबंद म्हणजे महिडोलिया मिस्टॅसिना.

लांबी जेमतेम ८ सेंटिमीटर, पाठीवर शिडासारखा उंच पर. महिडोलिया हे नाव १९३२ साली ह्यू स्मिथ या अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञाने सयामचे (आजच्या थायलंडचे) राजपुत्र महिडोल यांच्यावरून दिलं. पूर्व आफ्रिकेपासून सामोआपर्यंत, खाड्यांच्या आणि उथळ उपसागरांच्या गाळात हा मासा राहतो.

हा गाळ बहुतांशी नद्यांनीच आणलेला असतो. आपली तापीही मुलताईपासून ७२४ किलोमीटर वाहत सातपुड्याकडची काळी माती खंबातच्या आखाताकडे नेते. हतनूर, उकाईच्या धरणांत त्यातली बरीचशी आता अडते. गाळाचा असा तळ वरून उजाड दिसतो. ना खडक, ना प्रवाळ. एवढ्याशा माशाला लपायला बीळच हवं, आणि या माशाला तसं बीळ खोदता येत नाही.

ते काम कोळंबी करते. अल्फियस वंशातली ही कोळंबी दिवसभर चिमट्यांनी गाळ ढकलत बाहेर आणते, टाकते, परत आत जाते. भिंती ढासळत राहतात, त्यामुळे काम कधी सरत नाही. पण तिची नजर फार अधू. उघड्यावर ती म्हणजे मोठ्या माशांना आयता घास. म्हणून बाहेर येताच ती आपली लांब मिशी दारात बसलेल्या गोबीच्या अंगाला टेकवते. धोका दिसला की गोबी शेपटीला झटका देतो, मिशीला ते कळतं आणि कोळंबी तिथूनच माघारी वळते. धोका अंगावरच आला तर गोबी स्वतः डोकं खाली घालून बिळात सूर मारतो. तो आत आला म्हणजे बाहेर पडायचं नाही, हे कोळंबीला पक्कं ठाऊक. इस्रायली संशोधक इलान कारप्लस यांनी १९७० च्या दशकात तांबड्या समुद्रातल्या अशा जोड्यांचे हे इशारे बारकाईने अभ्यासले. एक मासा, एक कवचधारी. इतक्या दूरच्या दोन प्राण्यांत एवढा नेमका संवाद असावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

अशी भागीदारी गोबींच्या शंभराहून जास्त जाती करतात. जपानजवळच्या एका जोडीत तर कोळंबी गोबीची विष्ठाही खाते, म्हणजे पहाऱ्याबरोबर अन्नही मिळतं. रात्री दोघं एकाच बिळात असतात, आणि गोबीची अंडीही तिथेच. तळ खरवडत जाणारं ट्रॉल जाळं अशा गाळावरून फिरलं, की हे सगळं एका फेरीत उकरलं जातं.