चाल शिकवता येते, पण कोणत्याही घोड्याला नाही

‘पुरेसा सराव दिला की कोणताही घोडा रवालीसारखी संथ, न हिंदकळणारी चाल शिकतो’, हा समज फार जुना आहे. चाबुकस्वाराची, म्हणजे घोड्याला शिकवणाऱ्याची, मेहनत डोळ्यांना दिसते आणि रक्तातला वारसा दिसत नाही, म्हणून तो रुजणे स्वाभाविकच आहे.

याचा सर्वाधिक अभ्यास आइसलँडच्या घोड्यांवर झाला आहे. साध्या दुडकीत तिरपे पाय (पुढचा डावा आणि मागचा उजवा, मग उलट) जोडीने पडतात आणि मध्ये घोडा क्षणभर हवेत असतो. आइसलँडी घोड्याच्या ‘टोल्ट’ चालीत मात्र चारही पाय वेगवेगळे पडतात, कोणता ना कोणता खूर सतत जमिनीवर राहतो आणि स्वार जवळजवळ हलत नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले की डीएमआरटी३ या जनुकातील एका अक्षराच्या बदलामुळे त्याचे प्रथिन अर्धवट बनते आणि पाठीच्या कण्यातील, पायांचा ताळमेळ राखणाऱ्या चेतापेशींचे काम बदलते; त्यातूनच टोल्टसारखी चाल शक्य होते. अशा चालींच्या घोड्यांचीच पैदास पिढ्यान्‌पिढ्या होत राहिल्याने काही जातींत हा बदल सर्रास आढळतो.

तरीही प्रशिक्षण निरर्थक ठरत नाही: जनुक क्षमता देते, चालीतली सफाई सरावाने येते. ज्याच्या अंगात ती क्षमता मुळातच नाही, त्या मुक्या जनावराला त्यासाठी पिळून काढणे मात्र अन्यायाचे आहे.

पडताळणी सोपी आहे. स्वार न पाहिलेले शिंगरू आईमागे मोकळे धावताना मोबाइलवर संथ गतीने चित्रित करावे आणि खुरांचा क्रम मोजावा. शंका उरल्यास मुळासकट उपटलेल्या आयाळीच्या केसांवरून प्रयोगशाळेत या जनुकाची तपासणी करता येते.