पेशंटला सोबत करणं वेगळं आणि त्याच्या हक्कासाठी भांडणं वेगळं

हॉस्पिटलच्या रांगेत अनोळखी पेशंटसोबत उभा राहणारा व्हॉलंटियर आणि आरोग्य खात्याच्या दारात निवेदन घेऊन उभा राहणारा व्हॉलंटियर, दोघांनाही आपण "आरोग्याचं काम करणारे" म्हणून एकाच पंगतीत बसवतो. बऱ्याचदा माणूसही तोच असतो, सकाळी रांगेत आणि दुपारी निवेदन घेऊन, त्यामुळे गोंधळ अजून वाढतो. पण ही दोन वेगळी कामं आहेत, रांगेतल्या सोबतीला म्हणतात सपोर्ट आणि हक्कासाठी निवेदन घेऊन भांडण्याला अ‍ॅडव्होकसी, आणि ती एकमेकांत मिसळली की त्रास व्हॉलंटियरला होत नाही, पेशंटला होतो. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सपोर्ट म्हणजे समोरच्या एका माणसाचा आजचा दिवस पार पडणं. डॉक्टरकडे जायच्या आधी त्याच्याशी बसून विचारायचे प्रश्न कागदावर लिहून घेणं, कारण आत गेल्यावर घाबरून निम्मे प्रश्न विसरतातच. डॉक्टर भराभर बोलतात तेव्हा शांतपणे "गोळी जेवणाआधी की नंतर, एखादी चुकली तर काय करायचं" हे विचारून घेणं. बाहेर आल्यावर तेच पुन्हा त्याच्याकडून वदवून घेणं, म्हणजे त्याला किती कळलंय ते आपल्याला कळतं. फॉर्म भरून देणं, रिपोर्ट तारखेप्रमाणे फाइलला लावणं, तो अ‍ॅडमिट असताना घरी मुलांपाशी कुणीतरी थांबेल हे बघणं. काही वेळा यातलं काहीच करायचं नसतं, नुसतं शेजारी बसायचं असतं, आणि तेही काम आहे, खूप मोठं काम आहे.

अ‍ॅडव्होकसीत समोर एक माणूस नसतो, नियम असतो. औषध यादीत का नाही, कर्णबधिर पेशंटसाठी खुणांची भाषा जाणणारा दुभाषी का नाही, तपासणीची वेळ रोजंदारीवाल्या माणसाच्या कामाच्या वेळेतच का, असे प्रश्न असतात. उत्तर एका दिवसात मिळत नाही, महिने जातात, वर्षं जातात, आणि ज्याच्यामुळे प्रश्न सुरू झाला त्याला कधीकधी त्या उत्तराचा उपयोगच होत नाही, हे कडू आहे पण खरं आहे.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो ती जागा. समजा एका पेशंटला औषध नाकारलं आणि व्हॉलंटियरने आत जाऊन, विनंत्या करून, कुणाची तरी ओळख काढून ते मिळवून दिलं. लोक म्हणतात वा, काय अ‍ॅडव्होकसी केली! नाही, हा सपोर्ट झाला. उत्तम सपोर्ट झाला, त्या माणसाला औषध मिळालं हे लाखमोलाचं, पण आपण अपवाद मिळवला, नियम होता तिथेच राहिला, आणि उद्या ज्याच्यासोबत कुणी नाही तो रिकाम्या हाताने परत जाणार. उलट असे अपवाद वारंवार मिळायला लागले की वरच्या लोकांना वाटतं अडचणच नाही, सगळ्यांना मिळतंय की. माझ्या मते ओळख पटवायची सोपी खूण हीच, या माणसापुरतं मागतोय की पुढच्या अनोळखी माणसाला आपल्याशिवाय मिळावं म्हणून मागतोय?

एड्सच्या इतिहासात ही दोन कामं अगदी वेगवेगळी दिसतात. १९८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गे मेन्स हेल्थ क्रायसिस, म्हणजे जीएमएचसी, ही संस्था सुरू झाली तेव्हा या आजारावर औषध नव्हतं आणि पेशंटच्या जवळ जायला लोक घाबरत होते. त्यांनी फोनची हेल्पलाइन चालू केली आणि "बडी" नावाची पद्धत आणली, एका पेशंटला एक व्हॉलंटियर, तो घरी जाऊन स्वयंपाक करणार, सामान आणणार, साफसफाई करणार, बोलत बसणार. शुद्ध सपोर्ट, आणि त्या काळात त्याची किती गरज होती हे वेगळं सांगायला नको. पण संस्थापकांपैकी लॅरी क्रेमर यांना वाटत होतं की एवढ्याने भागणार नाही, सरकारशी उघड भांडायला हवं. मतभेद झाले, ते बाहेर पडले, आणि मार्च १९८७ मध्ये अ‍ॅक्ट अप ही वेगळी संघटना उभी राहिली. तिचं पहिलं आंदोलन न्यूयॉर्कमधल्या वॉल स्ट्रीटवर, म्हणजे शेअर बाजार आणि बड्या कंपन्यांच्या पैशाच्या भागात झालं, कारण एझेडटी हे एड्सवरचं पहिलं औषध तेव्हा वर्षाला जवळपास १०,००० डॉलरला पडत होतं. पुढच्या वर्षी, ११ ऑक्टोबर १९८८ ला, त्यांनी अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या मुख्यालयाला घेराव घातला, मुख्य मागणी ही की नवीन औषधं पेशंटपर्यंत लवकर येऊ द्या. आता यातलं कोणतं काम मोठं, असं कुणी विचारलं तर मी उत्तरच देणार नाही, कारण मरणाऱ्या माणसाच्या घरी कुणीतरी जायलाच हवं होतं आणि औषधासाठी रस्त्यावरही कुणीतरी उतरायलाच हवं होतं.

दोन्ही कामं एका छपराखाली नीट चालू शकतात याचं उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं. ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेन ही एचआयव्हीच्या, म्हणजे एड्सच्या विषाणूच्या, पेशंटना औषध मिळावं म्हणून लढणारी संघटना १० डिसेंबर १९९८ ला सुरू झाली, झॅकी अकमत हे त्यातलं सगळ्यात माहितीतलं नाव. त्यांचे व्हॉलंटियर लोकांमध्ये बसून एचआयव्ही म्हणजे काय, औषध शरीरात काय करतं, गोळी का चुकवायची नाही, हे साध्या भाषेत शिकवायचे. दुसरीकडे कोर्टात केस. आईकडून बाळाला होणारा एचआयव्हीचा संसर्ग नेव्हिरापिन या औषधाने बऱ्याच अंशी टाळता येत होता, कंपनी ते सरकारला ५ वर्षं फुकट द्यायला तयार होती, तरी सरकारने ते १८ ठरावीक केंद्रांपुरतं ठेवलं होतं, बाकीच्या सरकारी हॉस्पिटलांतल्या डॉक्टरांचे हात बांधलेले. इथे एखादी बाई १८ पैकी एका केंद्रापर्यंत पोचवली असती तर तिचं बाळ वाचायची शक्यता वाढली असती, पण बाकीच्यांचं काय? ५ जुलै २००२ ला तिथल्या घटना न्यायालयाने सांगितलं की ही मर्यादा उठवा.

संमतीचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सपोर्ट करताना पेशंट आपल्याला जे सांगतो ते त्या खोलीतच राहायला हवं. अ‍ॅडव्होकसीला मात्र गोष्टी लागतात, खऱ्या माणसांच्या, कारण नुसत्या आकड्यांनी अधिकारी हलत नाहीत. मग होतं काय, व्हॉलंटियर मदत करता करताच विचारतो, "तुमची गोष्ट आम्ही मीटिंगमध्ये सांगितली तर चालेल ना?" आणि तो बिचारा हो म्हणतो. तो नाही कसा म्हणेल, आत्ताच तुम्ही त्याला औषध आणून दिलंय! ही संमती धरायचीच नाही. आधी मदत पूर्ण होऊ द्या, काही दिवस जाऊ द्या, मग शक्यतो दुसऱ्या माणसाने विचारावं, नाव येणार का, फोटो येणार का, कुठे कुठे जाणार हे सगळं सांगून, आणि "नाही म्हणालात तरी आमची मदत तशीच चालू राहील" हे वाक्य स्पष्ट बोलून. आणि नंतर कधीही त्याने मन बदललं तर गोष्ट मागे घ्यायची, कुरकुर न करता.

वॉर्डमधल्या नर्सशी बोलायचा सूरही दोन्हीकडे वेगळा लागतो. सपोर्टवाल्याला तिच्याशी रोज गोडीने वागायचंय कारण ती पेशंटचं सगळं बघते, आणि बहुतेक वेळा औषधाच्या तुटवड्यात तिचा काही दोषही नसतो, उलट शिव्या तीच खाते. म्हणून बेडशेजारी उभं राहून तक्रारीची भाषा वापरू नये, त्याचा राग पेशंटवर निघण्याची भीती असते, निदान पेशंटला तरी तशी भीती वाटते. तक्रार लेखी, योग्य टेबलावर, आणि जमलं तर दुसऱ्याच सहकाऱ्याच्या हातून.

दोन कामांना जोडणारी गोष्ट म्हणजे एक साधी वही. आज कुठे काय अडलं, कोणत्या तारखेला, कोणतं औषध किंवा तपासणी, नकार देताना नेमके कोणते शब्द वापरले, लेखी मागितल्यावर काय म्हणाले, पेशंटला किती वेळा परत यावं लागलं. पेशंटचं नाव लिहायचंच नाही. "स्टाफने त्रास दिला" असलं मोघम वाक्य काही कामाचं नाही. एकाच ठिकाणी, एकाच कारणाने, वेगवेगळी माणसं परत जातायत असं वहीत दिसायला लागलं की ती अडचण त्या माणसांची उरत नाही, व्यवस्थेची होते, आणि तिथे अ‍ॅडव्होकसीवाल्यांनी हातात घ्यायचं. वही नसेल तर निवेदनात नुसतं "अनेक रुग्णांची गैरसोय होते" एवढंच लिहिता येतं, आणि असली निवेदनं फायलीत जाऊन बसतात.

नुसता सपोर्ट करत राहिलं की अजून एक धोका असतो. औषध संपलं की व्हॉलंटियर आणणार, दुभाषी नाही तर व्हॉलंटियर बोलणार, ट्रॉली ढकलायला माणूस नाही तर व्हॉलंटियर आहेच, असं हळूहळू हॉस्पिटल त्यांच्यावरच चालायला लागतं, आणि ती पदं भरायची घाई कुणालाच राहत नाही. आणि नुसत्या अ‍ॅडव्होकसीचा धोका म्हणजे मागण्या हवेत जातात, पेशंटला कशाने नड आहे हेच माहीत नसलेले लोक त्याच्या नावाने बोलायला लागतात.

आणि जिंकल्यावरही सपोर्टवाल्यांचं काम संपत नाही, कारण नियम बदलला हे खिडकीपर्यंत पोचलंय का ते तेच सांगू शकतात. दक्षिण आफ्रिकेत त्या निकालानंतरही एमपुमालांगा प्रांतात औषध द्यायला टाळाटाळ चालली होती, आणि आदेश पाळला जात नाही म्हणून ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेनला पुन्हा कोर्टात जावं लागलं.